एबिसावा-सानांचा नात्तो-संन्यास

एबिसावा इसामु या गृहस्थाने छप्पन्न वर्षे रोज सकाळी नात्तो खाल्ला आणि सत्तावन्नाव्या वर्षी तो शनीच्या एका चंद्रासाठी सोडला. देवासाठी वांगी सोडणारे पुष्कळ असतात. चंद्रासाठी सोयाबीन सोडणारा मी हा एकच पाहिला.

नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन. चिकट, काडीने उचलले की हातभर तार सुटणारे, आणि वासाने शेजाऱ्याला उठवणारे. जपानातल्या आमच्या इबाराकी प्रांतात तो न आवडणाऱ्याला कोणी वाईट म्हणत नाही, फक्त मुलगी देताना जरा विचार करतात. एबिसावा-सान तर मितो गावचे, म्हणजे नात्तोच्या माहेरचे. वाटीतला नात्तो ते मोजून शंभर वेळा घोटत. त्र्याहत्तराव्या फेऱ्याला कोणी हाक मारली की पुन्हा एकपासून सुरुवात.

आमच्या संस्थेत तेव्हा शनीकडे निघणाऱ्या यानासाठी डब्याएवढी एक पेटी तयार होत होती. त्या चंद्रावर बर्फाच्या कवचाखाली समुद्र आहे आणि भेगांमधून त्याचे पाणी फवाऱ्यासारखे वर उडते. ते पाणी हुंगून त्यात काही जगते आहे का, हे ही पेटी सांगणार होती. मी तिथे हातमोजे वाटायचो, त्यामुळे विज्ञान मला मनगटापर्यंतच कळते. एबिसावा-सानांचे काम उलटे होते. पेटीच्या प्रत्येक स्क्रूचा स्वॅब घ्यायचा, काचेच्या बशीत पसरायचा, तीन दिवस उबेत ठेवायचा आणि काही उगवले का पाहायचे. बाकी सगळे जीव असल्याचा पुरावा शोधत, हे नसल्याचा.

पहिल्याच दिवशी आमच्या प्रमुख निशिओका-सेन्सेईंनी फर्मान काढले. साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या भट्टीत असतो तोच नियम इथे. पेटी बंद होईपर्यंत कोणीही नात्तो खायचा नाही.

"त्याचा जंतू अडचणीत आला की कवच घालून झोपतो," त्या म्हणाल्या. "उकळा, वाळवा, गोठवा, मरत नाही. असला प्रवासी पेटीवर बसून गेला, तर आपण जगाला सांगू की तिकडे जीव सापडला. आणि तो निघायचा इबाराकीचा."

सगळ्यांनी एबिसावा-सानांकडे पाहिले.

"किती दिवस?" त्यांनी विचारले.

"चौदा महिने."

"म्हणजे फार नाही," ते म्हणाले. डॉक्टरने पाय कापावा लागेल म्हटल्यावर माणूस 'कुठला?' असे विचारतो, त्या आवाजात. आणि प्रतिज्ञापत्रावर पहिली सही त्यांनीच केली.

घरी त्यांच्या पत्नी तोमिए-सान म्हणाल्या, "तुम्ही सोडा हवं तर. चंद्राने मला काही विचारलेलं नाही." त्या स्वयंपाकघराचे दार लावून खात. हे बाहेर तळलेल्या अंड्याकडे पाहत बसत आणि अंडे यांच्याकडे. हाताला सवय लागलेली, त्यामुळे कॅन्टीनमध्ये चहासुद्धा शंभर वेळा ढवळत. चहा निवायचा, ढवळणे संपायचे नाही.

तेराव्या महिन्यात, ऐन फेब्रुवारीत, एका बशीत तीन पांढुरके, सुरकुतलेले ठिपके उगवले. एबिसावा-सानांनी झाकण जरासे उचलले आणि सूक्ष्मदर्शकाकडे न जाताच खाली बसले. जन्मभराची ओळख होती.

"एबिसावा-सान, मला विचारावं लागतंय," निशिओका-सेन्सेई म्हणाल्या.

"नाही खाल्ला."

"एकदाही?"

"स्वप्नात दोनदा."

हसायची वेळ नव्हती. दहा दिवसांत हे कुठून आले ते सापडून बशा कोऱ्या निघाल्या नाहीत, तर यानातली जागा दुसऱ्या कुणाच्या उपकरणाला जाणार होती. संचालकांनी एबिसावा-सानांना घरी आराम करण्याविषयी फार प्रेमाने सुचवले. आमच्याकडे एवढ्या प्रेमाने बोलले की माणसाने समजून घ्यायचे असते. यांनी घेतले नाही.

"मला तीन-चार दिवस द्या," ते सेन्सेईंना म्हणाले. "शोधणं हेच माझं काम आहे."

मग ते स्वॅब घेऊन सुटले. पहारेकऱ्याच्या किल्ल्या झाल्या, माझी हातमोज्यांची खोकी झाली, संचालकांचा टायसुद्धा सोडला नाही. टायवर फक्त करी सापडली. शेवटी त्यांनी आपलेच कपाट उघडले आणि आपल्याच बनियनचा आणि मोज्यांचा स्वॅब घेतला. त्या बशीत दुसऱ्या दिवशी जत्रा भरली होती.

घरी पोचले तेव्हा हातात स्वॅबच्या काड्यांचा जुडगा.

"आता माझी तपासणी का?" तोमिए-सान म्हणाल्या. "घ्या, आ करू?"

त्यांनी फ्रिज पुसला, टॉवेल पुसले, काही कळेना. उत्तर सापडले सकाळी कपडे घालताना. थंडीत आमच्याकडे घरोघर बनियन आणि मोजे कोतात्सूत शेकायला ठेवतात. कोतात्सू म्हणजे बुटके टेबल, वर रजई, आत शेगडी. दुसरा मोजा सापडेना म्हणून एबिसावा-सानांनी रजईखाली हात घातला, तर हाताला भाताच्या पेंढ्याची गरम पुडी लागली.

"हे काय?"

"नात्तो. दुसरं काय असणार? चाळीस डिग्री ऊब लागते त्याला, एक दिवस."

"माझ्या मोज्यांशेजारी?"

"मग तुमच्या मोज्यांना वेगळी शेगडी पेटवू?" त्या म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "दुकानातल्या नात्तोची रिकामी डबी दिसली तरी तुमचा चेहरा पडायचा. म्हणून यंदा विकत आणणं बंद केलं, लपवून करायला लागले. खाऊ नका म्हणाल्या होत्या ना त्या बाई? मी कुठे खाऊ घातला?"

एबिसावा-सानांनी पायातला मोजाही काढला.

त्यांना 'धुलाईत गडबड झाली' एवढे सांगून सुटता आले असते. त्यांनी सभेत उभे राहून, कमरेत पार काटकोनात वाकून सगळे सांगितले. "मी नात्तो खाल्ला नाही," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "अंगात घातला."

निशिओका-सेन्सेई भिंतीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. वळून परत आल्या तेव्हा चेहरा गंभीर होता, डोळे ओले. कुठून आले ते कळले म्हणजे घालवता येते, असे त्या म्हणाल्या. पेटीला पेरॉक्साइडच्या वाफेने पुन्हा न्हाऊ घातले. सगळ्यांना संस्थेकडून नवे मोजे आणि बनियन मिळाले, तेही माझ्याच खिडकीतून, त्यामुळे प्रत्येकाच्या पोटाचा घेर मला पाठ झाला. एबिसावा-सानांनी चाळीस बशा उबेत ठेवल्या आणि तीन दिवस त्यांच्याभोवती बाळंतघराबाहेरच्या बापासारख्या येरझाऱ्या घातल्या. दहाव्या दिवशी सकाळी सेन्सेईंसमोर एकेक बशी दोनदा उजेडात धरली. चाळीसही कोऱ्या. खाली ते सही करेपर्यंत सेन्सेईंनी कागद दाबून धरला.

एक काम उरले होते. पेटीवर जो जंतू सापडतो त्याचा नमुना दप्तरी ठेवायचा असतो, म्हणजे पुढे तिकडे काही सापडले तर ताडून पाहता येते. त्यासाठी सेन्सेई स्वतः तोमिए-सानांकडे गेल्या. मी नमुन्याचा डबा धरून बरोबर होतो. तोमिए-सानांनी पेंढ्याची पुडी पुढे केली आणि विचारले, "समजा, आता इतकं करूनही तिकडे हाच निघाला तर?"

"तर जगाला कळेल की तो एबिसावा तोमिए यांच्या घरचा आहे."

तोमिए-सानांनी पुडी मागे घेतली.

"मग ही नको. हिला तार कमी सुटलीय. परवा या, नीट करून ठेवते."