गाडी बंद, नंबर गेला

“काशिनाथ डिझेल विकतोय, मॅडम. सोमवारी त्याच्याकडून चावी काढून घ्या,” शेठ म्हणाले आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. वाईट बातमीसोबत चहा द्यायची त्यांची जुनी सवय आहे.

राहनाळला आमच्या ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. शेठचे वडील इथे भात लावायचे. आता त्याच जमिनीवर गोडाऊन आहेत आणि शेठचे चौदा ट्रक त्यातला माल नाशिकला नेतात. त्या चौदा गाड्यांचा मेंटेनन्स मी बघते. मेकॅनिकलचा डिप्लोमा, बावीस वर्षांची नोकरी, आणि गाडी बघताक्षणी तिचं दुखणं ओळखते असा स्वतःबद्दल समज. या समजाचं काय झालं ते पुढे येईलच.

प्रकरण होतं ॲव्हरेजचं. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, ते ॲव्हरेज. डिझेल महाग झालं तसा शेठचा जीव त्या आकड्यात अडकला. बाकीच्या गाड्या लिटरला पाच देत होत्या. काशिनाथदादांची साडेचारच्या वर जाईना. मॉडेल तेच, रस्ता तोच, माल तोच. मग डिझेल जातं कुठे? आमच्या धंद्यात या प्रश्नाचं पहिलं उत्तर ‘ड्रायव्हर’ असंच असतं.

काशिनाथदादा वज्रेश्वरीकडचे. पन्नाशी उलटलेली, बोलणं मोजकं, आमच्याकडे अकरा वर्षं. चोर म्हणून इथून काढलं तर भिवंडीत त्यांना दुसरं कुणी गाडीवर घेतलं नसतं. ट्रान्सपोर्टवाल्यांत अशी बातमी गाडीच्या आधी पोचते.

“शेठ, मला एक फेरी द्या. मी त्यांच्यासोबत जाते,” मी म्हटलं.

“तुमी बाजूला बसल्यावर कोन चोरी करंल?”

“मग ॲव्हरेज सुधारेल. सुधारलं तर तुमचं खरं. नाही सुधारलं तर चोर वेगळा आहे.”

शेठनी जरा विचार केला. “जा. पन सोमवारच्या आत.”

शनिवारी सकाळी सहाला टाकी काठोकाठ भरून आम्ही निघालो. कोपरापर्यंत बाह्या दुमडून काशिनाथदादा समोर बघत होते. पडघ्याच्या पुढे आल्यावर म्हणाले, “ताई, मना ठावं हाय तुमी कशाला आल्याव.”

मी त्यांचे पाय बघत होते. डिझेल वाचतं ते पायात. पुढे सिग्नल दिसत असताना ॲक्सिलेटर दाबायचा आणि जवळ जाऊन ब्रेक मारायचा, म्हणजे जाळलेलं डिझेल पाण्यात. काशिनाथदादा लांबूनच पाय उचलत. गिअर वेळेत वर टाकत. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा गाडी पळवत नव्हते. परतीच्या वाटेवर कसारा घाट उतरताना मी मुद्दाम डोळ्यात तेल घालून बसले, कारण घाटात भले भले ड्रायव्हर न्यूट्रल मारतात, म्हणजे गिअर काढून गाडी सोडून देतात. डिझेल वाचतं अशी समजूत. खरं तर आताच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना पाय काढला की इंजिनला डिझेल देणंच बंद करतात. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला उलट ते द्यावं लागतं. शिवाय ब्रेक तापून निकामी होतात ते वेगळंच.

“दादा, न्यूट्रल नाही मारत?”

“घरी बायको वाट बगते, ताई.”

दुपारी तीनला परत राहनाळला पोचलो. डॅशबोर्डवर त्या दिवसाचं ॲव्हरेज लिटरला पाच किलोमीटर. मी मनात शेठचं खरं मानायला निघाले होते. माझ्या धाकाने सुधारलं, दुसरं काय. वाईट वाटलं. एवढा शहाणा हात आणि ही अवदसा.

गोडाऊनच्या गेटवर पुढचा माल भरायला वीसेक गाड्यांची लाईन होती. आम्ही शेवटी लागलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, काशिनाथदादा इंजिन बंद करेनात.

“बंद करा की, दादा. अशी उभी गाडी तासाला दोन लिटर पिते.”

“न्हाय ताई. गाडी बंद, नंबर गेला.”

“कसा जातो? मी बसलेय ना इथे.”

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं आणि सीटच्या मागून, खालून, बारीक आवाज आला. सूं... कुकरची शिट्टी नीट बसली नाही की येतो तसा. समोरच्या हवेच्या मीटरचे दोन्ही काटे हळूहळू खाली उतरायला लागले.

इथे थोडं समजावून सांगते. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. हवा भरलेली असेल तर ब्रेक मोकळे राहतात. हवा संपली की मागची चाकं आपोआप जाम होतात. हवा भरते इंजिन. धडधाकट गाडीत भरलेली हवा इंजिन बंद करूनही तासन्‌तास टिकते. ही गाडी वीस मिनिटांत रिकामी झाली.

तेवढ्यात गेटवरच्या मुकादमाची शिट्टी वाजली. लाईन पुढे सरकली. काशिनाथदादांनी गाडी चालू केली, पण ब्रेक सुटेनात. हवा भरायला पाच-सहा मिनिटं लागतात. तोवर मागच्या तीन गाड्या बाजूने पुढे घुसल्या. मुकादम चालत आला, काचेतून मला बघून जरा नरमला, पण नियम तो नियम.

“गाड़ी बंद, नंबर गया, मॅडम. पीछे लगाओ.”

मग कळलं. शिट्टी झाल्यावर जी गाडी लगेच हलत नाही ती लाईनच्या शेवटी, ही त्या गेटची रीत. आमचे बाकीचे ड्रायव्हर इंजिन बंद करून शिट्टीची वाट बघत आणि एका सेकंदात चालू करत. काशिनाथदादांना ती मुभा नव्हती. रोज तीन-साडेतीन तास ते गाडी जागेवर घुरघुरत ठेवत होते. सहा-सात लिटर. शेठ ज्याला चोरी म्हणत होते ते नेमकं तेवढंच.

“ही हवा कधीपासून जातेय?” मी विचारलं.

“दिवाळीपासून.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं व्हतं, ताई. तुमालाच.”

मग मला आठवलं. वर्कशॉपमध्ये चार गाड्या एकदम चालू होत्या. मी या गाडीचं इंजिन चालू ठेवूनच काटा बघितला होता. काटा भरलेला. इंजिन चालू असताना तो भरलेलाच राहणार, गळती असो नसो, आणि त्या गोंगाटात सूं कुठलं ऐकू यायला. वर काशिनाथदादांना म्हटलं होतं, “हवा गाडीतून नाही, तुमच्या कानातून जातेय.” सगळे हसले होते. जॉब कार्डवर मी लिहिलं, ‘एअर लीक: तपासले, ठीक’. खाली झोकात सही.

“परत सांगायचं ना, दादा.”

“तुमी ठीक लिवलं. मंग मी काय बोलू?”

मला लाज वाटली. अकरा वर्षांच्या माणसाची नोकरी माझ्या एका टिंगलीपायी जायला निघाली होती आणि तो माणूस माझ्या शेजारी शांत बसून नाशिकला जाऊन आला होता.

लाईन सोडून मी तडक ऑफिसात गेले आणि ते जॉब कार्ड शेठच्या टेबलावर ठेवलं. सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. ठेवून करणार काय, सही माझीच होती.

शेठनी कार्ड दोनदा वाचलं. “मंग आता चावी कोनाची काढू?”

“काढायची तर माझी काढा, वर्कशॉपची. पण आधी ती गाडी नीट करू द्या.”

रविवारी गाडी वर्कशॉपला घेतली. मागच्या चाकाच्या ब्रेकमधला रबराचा पडदा चिरला होता. दोन तासांचं काम. पण तेवढ्यावर मला थांबायचं नव्हतं. शिट्टीच्या भीतीने दुसऱ्या ट्रान्सपोर्टच्याही कितीतरी गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असत. मी मुकादमाकडे गेले. त्याचीही बाजू होती. पूर्वी ड्रायव्हर चहाला जात, गेट अडून बसे, म्हणून त्याने हा नियम काढला. मी म्हटलं, येणाऱ्या गाडीच्या काचेवर खडूने नंबर लिहा. हाक मारल्यावर दहा मिनिटं द्या, मगच मागे पाठवा.

“चॉक कौन देगा?” त्याने विचारलं.

खडूचा डबा मी दिला. गोडाऊन शेठच्या जमिनीवर असल्यामुळे बाकीचं पटायला वेळ लागला नाही. सगळ्यात खूश झाले ते माल चढवणारे कामगार. दिवसभर धूर त्यांच्याच नाकात जात होता.

महिन्याभरात काशिनाथदादांच्या गाडीने पाच ओलांडले. चौदा गाड्यांत पहिला नंबर. शेठनी त्यांना ऑफिसात बोलावलं. माफी मागणं शेठच्या स्वभावात नाही. त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला.

काशिनाथदादा कपाकडे बघत उभेच राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “ताई, आता काय झालं?”

वर्कशॉपची चावी माझ्याकडेच राहिली. मात्र आता आमच्या जॉब कार्डवर एक ओळ छापून घेतली आहे: ‘एअर तपासणी इंजिन बंद करून, अर्धा तास थांबून’. डिझेल कुठे जातंय हे शोधायचं असेल तर टाकीखाली वाकण्याआधी जुने कागद काढावेत आणि कुठे कुठे आपली सही आहे ते बघून घ्यावं.