उंदरांपुरतं औषध

पुरुषांचं डोकं मुळात कच्चं असतं, हे आमच्या मॅडम चारचौघांत ठणकावून सांगत आणि पुरावा म्हणून उंदीर पुढे करत. लखनौच्या औषध-संशोधन संस्थेत त्यांना सगळे 'चूहेवाली मैडम' म्हणायचे. नव्वदीच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली काम शिकत होते. डोक्याला मार बसला की उंदराच्या माद्या नरांपेक्षा लवकर सावरतात. हा बहुधा प्रोजेस्टेरॉनचा, म्हणजे गरोदरपणात भरपूर वाढणाऱ्या संप्रेरकाचा प्रताप, असं त्यांना वाटे. नरांना ते टोचलं की त्यांच्याही मेंदूची सूज कमी व्हायची. "बघ, जरासं बाईपण आलं की नरसुद्धा सुधारतो!" असं म्हणून त्या खुशाल हसायच्या.

त्यांचे यजमान, आमचे काका, हवाई दलातून निवृत्त झालेले. इंदिरा नगरातल्या त्यांच्या घरी जेवायला गेलं की ते कुरकुरत, "हिच्या उंदरांना माझ्याआधी खायला मिळतं." मॅडम आमटी वाढत म्हणायच्या, "ते मीठ कमी आहे म्हणत नाहीत."

एका सकाळी काका स्कूटरवरून पडले. हेल्मेट घरी खुंटीला. इस्पितळात ते बेशुद्ध, मेंदूला सूज. आमचे यादवजी उंदरांचे पिंजरे सांभाळत, त्यांनी हात जोडले, "मैडम, चूहों को फायदा करता है तो साहब को भी लगा दीजिए न।" मलाही तेच म्हणायचं होतं. मॅडम माझ्याकडे वळल्या. "उंदराला किती द्यायचं ते मला कळतं. माणसाला कुणी दिलंय? हे उंदीर असते तर केव्हाच टोचलं असतं गं." मला त्या फार कठोर वाटल्या, आणि फार एकट्याही.

काका शुद्धीवर आले, पण रस्ते विसरले. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून घर कुठलं ते विचारायचे. डॉक्टर म्हणाले, जे परत यायचं ते हळूहळू येईल. तेवढ्यावर मॅडम कामाला लागल्या. रोज संध्याकाळी काकांना एकट्याला दही आणायला पाठवायच्या आणि स्वतः डोक्यावर पदर घेऊन लांबून मागे मागे. चुकले तरी हाक मारायची नाही, हा त्यांचाच नियम. एकदा भाजीवाल्याने विचारलंच, "भाभीजी, साहब पर शक है क्या?"

"हाँ भैया, बहुत!" मॅडम म्हणाल्या.

अशाच एका संध्याकाळी मी बरोबर होते. काकांनी दही घेतलं, दोन्ही वळणं बरोबर घेतली आणि थेट आपल्या फाटकाशी जाऊन थांबले. विजेच्या खांबाआडून बघताना मॅडमनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. काकांनी फाटक उघडलं, ते धरून ठेवलं आणि मागे न बघताच म्हणाले, "ये आता. किती चालशील माझ्यामागे?"