माझं नाव त्याच्या कानात

मी वसईजवळचं आमचं गिरीज सोडलं त्याच सकाळी माझ्या भाच्याचं बारसं होतं. संध्याकाळी मस्कतचं विमान होतं. नर्सिंग करून तिथल्या एका इस्पितळात मला नोकरी लागली होती. बॅग भरून पडवीत उभी करून ठेवली होती आणि बाया तिला वळसा घालून पाळण्याकडे जात होत्या.

त्याच्या आधी वहिनीचे दोन मुलगे गेले होते. एक एकविसाव्या दिवशी, दुसरा तीन महिन्यांचा होऊन. हा तिसराही किरकिरा होता, दूध ओढायचा नाही. तो मुलगा आहे हे आईनं शेजारी कुणाला धड सांगितलंच नव्हतं. नाव मुलीचं ठेवायचं, नाकात सोन्याची तार घालायची, हे तिनं केव्हाच ठरवलं होतं. मुलीला कोण न्यायला येतंय, असं ती म्हणायची. तेव्हा आम्हाला कुणालाही त्या वाक्याचं काही वाटलं नाही.

पण कुठलं नाव, हे तिनं मला त्या सकाळी विहिरीपाशी सांगितलं.

"तुझंच ठेव. सुमन. तू जातेसच, इथं तुझं नाव कुणाला लागणार आहे?"

मला वाटलं, लेक लांब चालली म्हणून माया आली असेल. मग ती म्हणाली, "आणि त्याच्यावर काही यायचंच असेल, तर नाव शोधत तिकडं जाईल."

हे ती रागानं म्हणाली नाही. केळीच्या सोपाच्या धाग्यानं गजरे बांधता बांधता म्हणाली.

मी नाही म्हणू शकले असते. कानात सांगायचं म्हणजे आत्याचाच मान, दुसरं एखादं नाव कुजबुजले असते तर त्या क्षणी कुणाला कळलंही नसतं. पण पाळण्यात त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं, मी वाकले आणि माझं नाव त्याच्या कानात सांगितलं. आत्याच्या पाठीत गुद्दे घालतात तसे बायांनी घातले. जरा जोरातच पडले.

तो जगला. चार महिन्यांत गुटगुटीत झाला. मी मस्कतहून फोन केला की आई सांगायची, सुमन रांगायला लागला, सुमनला दात आले. घरात दोन सुमन कशा चालणार? मग मी आधी 'आत्या' झाले, नंतर 'मस्कतवाली'. एकदा फोनवर मी म्हणाले, "मी सुमन बोलतेय." पलीकडून वहिनीच्या बहिणीनं विचारलं, कोण सुमन?

इकडे मात्र मी दिवसभर सुमनच होते. छातीवरच्या बिल्ल्यावर, ड्यूटीच्या तक्त्यावर. ओमानी पेशंट 'सिस्टर सोमान' म्हणायचे. आमच्या एक्स-रे विभागात कोलकात्याचा एक टेक्निशियन होता, त्याचंही नाव सुमन. त्यांच्याकडे ते पुरुषाचंच नाव. भाच्याला हे सांग, असं मी दादाला म्हणाले. दादा म्हणाला, "कोलकात्यात असेल. हा माणिकपूरच्या शाळेत जातो."

शाळेत काय होत होतं ते मला तुकड्या-तुकड्यानं कळायचं. पहिल्याच दिवशी बाईंनी त्याचं नाव मुलींच्या हजेरीत वाचलं. पुढं एका मास्तरांनी त्याला मुलींच्या रांगेत बसवलं, तासभर, वर्गाला हसवायला म्हणून. नाकाचं भोक त्यानं कंपासच्या टोकानं ओरबाडून ओरबाडून पिकवलं. दहा वर्षांचा असताना माझ्याशी फोनवर बोलायचं त्यानं बंद केलं. हे नाव कुणी ठेवलं, असं त्यानं घरात विचारलं होतं, आणि त्याला उत्तर मिळालं होतं: आत्यानं.

खोटं नव्हतं ते. मी दादाला म्हणाले, त्याला सगळं सांग. दादा म्हणाला, "आईला कशाला दुखवायचं या वयात? तू लांब आहेस. तुझ्यावर असलं तर काय बिघडलं?"

आठ वर्षांपूर्वी माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमो. केस गेले. सोबतच्या मल्याळी नर्सनी माझ्याजवळ राहायला आळीपाळीनं रजा काढल्या. मी बरेच दिवस घरी कळवलं नव्हतं. शेवटी सांगितलं तेव्हा आई रडली. मग नाक ओढून म्हणाली, "बघ. मी म्हटलं नव्हतं? तिकडंच गेलं."

तिच्या आवाजात काळजी होती, नाही कशाला म्हणू? पण काळजीच्या खाली सुटका होती. दुसऱ्या दिवशी तिनं देवळात नारळ वाढवला. माझ्यासाठी नाही. त्याच्यावरचं टळलं म्हणून. हे मला वहिनीनंच सांगितलं, अगदी सहज.

मागच्या वर्षी भाच्यानं रीतसर नाव बदललं. गॅझेटमध्ये छापून आलं: विक्रम. त्यानंतर मी गिरीजला गेले. तो चोवीस वर्षांचा, उंच, वसईला नोकरी करणारा. पडवीत माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "एकच विचारायचंय. माझं काय चुकलं होतं?"

आई शेजारीच गजरे बांधत होती. या वेळी मी सगळं सांगितलं. विहिरीपाशी काय बोलणं झालं, तेही. तो आजीकडे वळला. तिनं मान हलवली.

"हो, मीच सांगितलं. पोर जगलं ना?"

"मग इतकी वर्षं मला हिचा राग का करायला लावलात?"

"तू कुणाचा तरी करणारच होतास," आई म्हणाली. "ती इथं नव्हती."

विक्रम उठून वाडीत गेला. बराच वेळ केळींमध्ये उभा होता. आईनं पुढचा गजरा घेतला. तिला पश्चात्ताप झालेला नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मला झाला असता की नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दोन पोरं तिनं स्वतःच्या हातांनी मातीत ठेवली होती. फक्त, तिसरं वाचवताना द्यायला तिला मीच सापडले.

मी निघाले तेव्हा विक्रमनं माझी बॅग रिक्षापर्यंत आणली. तिथं थांबून म्हणाला, आत्या, मला माफ कर. मी त्याच्या गालावर हात ठेवला. नाकाचा व्रण अजून दिसतो.

तेवढ्यात आईनं पडवीतून हाक मारली, "सुमन!"

आम्ही दोघांनी एकदमच मागं पाहिलं. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून त्या नावाची हाक ऐकून माझं पाऊल उचललंही गेलं होतं.

"तुला नाही गं," आई म्हणाली. "त्याला."

मी रिक्षात बसले.

घर कुठं, असं मस्कतमध्ये कुणी विचारलं की मी अजून गिरीजच सांगते. वाडी, विहीर, बागेतल्या ओल्या मातीचा वास, सगळं माझंच आहे. फक्त तिथून हाक आली, तर ती मला असेल असं आता धरून चालत नाही.