माझी लाईन जात नाही

परळच्या एका हॉस्पिटलात मी नेटवर्क सांभाळतो आणि मला एकाच गोष्टीची घमेंड होती : माझी लाईन जात नाही. पूर्वी कॅन्सरच्या गाठीच्या स्लाइडचे फोटो हार्ड डिस्कवर घालून कुरिअरने दुसऱ्या शहरातल्या संशोधकांकडे जायचे आणि पेशंट इथे ताटकळत बसायचा. आता चार शहरांतले डॉक्टर एकाच वेळी तीच पेशी मोठी करून बघतात, वाद घालतात, ठरवतात. करी रोडच्या घरी मी हे इतक्यांदा ऐकवलं होतं की ताई म्हणायची, "पुरे रे बाबा! आमच्या नळापेक्षा तुझी लाईन बरी, कळलं!"

आई गेल्यावर मला वाढवलं ते ताईनं. आणि गाठ निघाली ती तिच्याच पोटात. नेहमीची औषधं करून झाली. एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. त्यात तिला घेतील का, हे त्या चार शहरांतल्या डॉक्टरांच्या बैठकीत ठरणार होतं, माझ्याच लाईनवर. ती माझी बहीण, हे मी ऑफिसात बोललो नव्हतो. वशिला नको, असं तिनंच बजावलं होतं.

बैठकीत पेशंटचं नाव घेत नाहीत, नुसता नंबर. ताईचा नंबर मला पाठ होता. पडद्यावर तिच्या पेशी आल्या, गुलाबी-जांभळ्या, एकदम स्वच्छ. च्यायला, इतक्या स्वच्छ कशाला दिसायच्या! चेन्नईचे डॉक्टर हळूच म्हणाले, यकृतातही पसरलंय, हे औषध झेपणार नाही. गुवाहाटीच्या बाईंनी सगळं पुन्हा बघायला लावलं, त्यांचं भलं होवो. शेवटी त्याही नाहीच म्हणाल्या.

"पुढचा नंबर," आमचे सर म्हणाले. मी लाईन बघत बसलो. ती जावी असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, पण मेली कुठली जायला!

घरी ताई डोक्याला रुमाल बांधून मेथी निवडत होती. "काय म्हणाले रे?"

"काही ठरलं नाही. मध्येच लाईन गेली."

तिचा हात थांबला. "तुझी?"

मला वर बघवेना. ती पुन्हा मेथी निवडायला लागली. एवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या. "काय गं, कळलं का काही?"

"नाही हो काकू, लाईन गेली होती," ताई म्हणाली. "त्याला आता कुणी काही विचारू नका. दमून आलाय."