बेडूकगाड्या, ओहोटी आणि पोतनीस बाईंची शिट्टी

पोतनीस बाईंची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या रागातून झाली. मी महाडच्या शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि मैदानावर नव्या उत्साहाने शिट्टी फुंकत होतो. तास अर्धाही झाला नसेल, तोच भूगोलाच्या बाई तरातरा मैदानात आल्या. "सर, तुमची शिट्टी माझ्या वर्गात येऊन बसली आहे. तिला घेऊन जा, नाहीतर मी तिची हजेरी मांडते." मुलं फिदीफिदी हसली आणि माझं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी आपल्या डब्यातली घावनं माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "राग कालचा होता. खा."

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी संपादकांनी मला "दोन गोड शब्द" लिहायला सांगितलं आहे. गोड शब्द बाकीच्यांनी लिहिले असतीलच. मी रागावलेलो आहे आणि तसंच लिहिणार आहे. छापायचं की नाही ते ग्रंथ काढणाऱ्या मंडळाने ठरवावं.

त्या पहिल्याच वर्षी मी टायफॉइडने अंथरुणाला खिळलो. माझे तास कोण घेणार, असा प्रश्न मुख्याध्यापकांना पडला होता. बाईंनी पदर खोचला, माझ्या घरी येऊन शिट्टी मागून नेली आणि मी बरा होईपर्यंत मुलांकडून कवायत करून घेतली. येताना रोज माझ्यासाठी पेज आणायच्या आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहायच्या. मी कामावर परतलो तेव्हा शिट्टी मात्र परत मिळाली नाही. "तुम्ही नवी घ्या, हिला आता माझी सवय झाली आहे," असं म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली. पुढे त्याच शिट्टीने आमच्या गावाला जे ऐकवलं, ते गाव अजून विसरलेलं नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या गावच्या याच मंडळाने दसऱ्यानंतर बेडूकगाड्यांची शर्यत सुरू केली. दोन जुन्या सायकली एकमेकींना जोडायच्या, खाली एमआयडीसीतली रिकामी निळी पिंपं बांधायची, मागच्या चाकाला पत्र्याची पाती ठोकायची. अशी गाडी बाजारपेठेतून पायडल मारत घाटावर आणायची, तशीच सावित्री नदीत घालायची, पलीकडचा काठ शिवून परत यायचं. इंजिन चालणार नाही, माणसाच्या पायांवरच सगळा कारभार. काही गाड्या घाटावरच मोडायच्या, काही मधोमध कलंडायच्या आणि सगळं गाव पोट धरून हसायचं. मी घड्याळ धरायचो. मुख्य पंच म्हणून बाई शिट्टी घेऊन बसायच्या, कारण त्यांच्यावर वशिल्याचा आरोप करायची कोणाची छाती नव्हती.

एका वर्षी पोलादपुराकडून कुडपणच्या चौघांचा संघ आला. त्यांचा पुढारी बाबू मुंबईत गॅरेजमध्ये कामाला होता आणि खास रजा टाकून आला होता. त्यांनी ट्रकच्या ट्यूब आणि बांबू वापरून गाडी केली होती, गावच्या तळ्यात रोज चालवून पाहिली होती आणि टेम्पोवर बांधून घाट उतरवून आणली होती. गाडी इतकी हलकी आणि नेटकी होती की ती पाहून आमच्या मंडळाच्या अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांचा पुतण्या मागच्या वर्षीचा विजेता होता.

अध्यक्ष मोठ्या प्रेमाने म्हणाले, "लांबून आलात, दमला असाल. जेवून घ्या निवांत. तुमचा नंबर शेवटी ठेवू."

कुडपणच्यांना तो पाहुणचार वाटला. डोंगरावरची माणसं ती. त्यांच्या लेखी नदी एकाच दिशेला जाते. आमच्या घाटापर्यंत खाडीची भरती चढते आणि काही तासांत उतरते, हे त्यांना कोण सांगणार? पण आमच्या गावात तिथी मोजून भरतीची वेळ काढणं शेंबड्या पोरालाही येतं. आणि अध्यक्षांच्या घरी तर तीन पिढ्या होड्यांचा धंदा. माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही.

दुपारी कुडपणची गाडी घाटावर आली तेव्हा पाणी उतरून पार मध्यावर गेलं होतं. गाडी चिखलात आसापर्यंत रुतली. लोक ओरडू लागले, "डोंगरातले बेडूक, चिखलात खूश!" बाबू गुडघाभर गाळात उभा राहून बाईंकडे पाहत म्हणाला, "बाय, पानी कुठं गेलं वो? सकाळी तर नदी भरलेली व्हती. आमचा काय चुकला काय?"

बाईंनी शिट्टी वाजवली आणि घाट गप्प होईपर्यंत थांबवली नाही.

"तुमचं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "शर्यत रद्द. उद्या भरतीला सगळ्यांची पुन्हा होईल."

अध्यक्ष धावत आले. "बाई, प्रमुख पाहुणे खोळंबलेत. ढाल द्यायची आहे."

"मग पाहुण्यांनाच द्या. मी या निकालाला निकाल म्हणणार नाही."

एवढं बोलून त्यांनी चपला काढल्या, चिखलात उतरल्या आणि गाडीला खांदा लावला. काठावरचं एकही माणूस मदतीला उतरलं नाही. मी घड्याळ खिशात टाकून गेलो तेवढाच. मंडळाने बाईंच्या पाठीमागे ढाल पुतण्याला देऊन टाकली आणि फोटोही काढून घेतले.

त्या रात्री कुडपणचे चौघे बाईंच्या घरी जेवले, ओसरीवर झोपले. दुसऱ्या दिवशी भरतीला घाटावर ना मांडव होता, ना लाउडस्पीकर. बाईंनी शिट्टी वाजवली, मी घड्याळ लावलं आणि कुडपणची गाडी पाण्यावर अशी सरकली की कपडे धुणाऱ्या बायकाही हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. पुतण्याची वेळ त्यांनी सहज मागे टाकली. काठाला लागल्यावर बाबूने बाईंना वाकून नमस्कार केला. म्हणाला, "बाय, ढाल नाय मिळाली तरी चालंल. तुमी बघितलात, बस झाला." बाई म्हणाल्या, "मला चालणार नाही." त्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं ते तेव्हा एकदाच.

पुढच्या वर्षी मंडळाने पंच बदलले आणि फक्त नगरपालिकेच्या हद्दीतल्यांनाच भाग घेता येईल असा नियम केला. दोन वर्षांत शर्यतच बंद पडली. आता तेच मंडळ, तेच अध्यक्ष बाईंचा सत्कार करायला निघाले आहेत. निमंत्रणपत्रिकेत बाईंना "आमच्या मंडळाच्या आधारस्तंभ" म्हटलेलं वाचून माझं डोकंच फिरलं. सत्काराला होकार देताना बाईंनी एकच गोष्ट मागितली: मंडळाच्या काचेच्या कपाटातल्या त्या फिरत्या ढालीवर कुडपणचं नाव घाला. मंडळ म्हणालं, "बघू." बघू! शालीची मापं घ्यायला वेळ आहे, चार अक्षरं कोरायला नाही.

परमेश्वराने बाईंना ठणठणीत शंभर वर्षं द्यावीत. त्यांचे गुडघे दुखायचे थांबावेत, आवाज आहे असाच खणखणीत राहावा आणि गैर दिसेल तिथे त्यांचा राग असाच उसळावा. आम्हा सगळ्यांना त्याची फार गरज आहे.

आणि मंडळासाठी एक निरोप. सत्कार तुम्ही घाटावर संध्याकाळी पाचला ठेवला आहे. मी तिथी मोजली. त्या वेळी पूर्ण ओहोटी आहे. बाबू आणि त्याचे सोबती आपली जुनी गाडी घेऊन त्याच दिवशी सकाळच्या भरतीलाच येणार आहेत आणि शिट्टी बाई वाजवणार आहेत. ढाल घेऊन तेव्हाच या. पाचला आलात तर घाटावर नुसता चिखल असेल आणि बाई घरी गेलेल्या असतील.