जाऊबाईंची गाठ

माझी गाठ सापडली तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती. जाऊबाईंची सापडली तेव्हा ती त्यांच्या स्वतःच्या हाताला धड लागतही नव्हती.

मी इंदूरची. पलासिया भागातले मोठे दवाखाने आमच्या घरापासून रिक्षाने अगदी जवळ. तरी मी गेले नाही. दुखत नव्हतं, आणि दुखत नाही ते कशाला दाखवायचं, तेही पुरुष डॉक्टरला, असं वाटायचं. माहेरी-सासरी या गोष्टी कुणी बोलत नसे. शेवटी गेले, तर छातीची डावी बाजू पूर्ण काढावी लागली. केमोत केस गेले, नखं काळी पडली.

त्या दिवसांत थोरल्या जाऊबाई इंदूरजवळच्या बेटम्याहून बसने यायच्या, डब्यात पातळ खिचडी घेऊन. त्या घरी शिवणकाम करतात. डाव्या बाजूला कापूस भरायचा कप्पा असलेले ब्लाउज माझ्यासाठी त्यांनीच शिवले. माप घेताना त्या रडल्या. मी भिंतीकडे बघत उभी राहिले.

बरी झाल्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आमच्या टीमबरोबर याल का? वस्त्यांत आणि गावांत फुकट तपासणी ठेवली तरी बायका येत नाहीत, म्हणाल्या. रोजी बुडते, नवरा नको म्हणतो, भीती वाटते. तुमचं कदाचित ऐकतील. मी जाऊ लागले. सियागंजच्या बाजारात मिरच्या निवडणाऱ्या बायकांशी बोलले, मग बेटम्यालाही शिबिर ठरलं. तिथे पुढची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून जाऊबाई येऊन बसल्या, आणि माझा मान राखायला तपासूनही घेतलं. डॉक्टरीणबाईंना शंका आली. मोठी तपासणी इंदूरलाच होणार होती. लग्नसराई आहे, शिवायचे कपडे पडलेत, नंतर बघू, असं जाऊबाई म्हणत राहिल्या. मीच मागे लागून त्यांना घेऊन आले.

निघाला तो कॅन्सरच, पण अगदी सुरुवातीचा. छोटं ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक. केमो लागलीच नाही.

शेक घ्यायला त्या माझ्याकडे राहायला आल्या. भेटायला येणारे नातेवाईक म्हणायचे, "नशीबवान आहात, थोडक्यात निभावलं." हे माझ्यासमोर म्हणायचे, आणि मी चहाचा ट्रे धरून उभी असायची. दुपारी जाऊबाई खिडकीपाशी बसून वेणी घालायच्या. वेणी कमरेपर्यंत. माझे केस परत आले होते ते विरळ आणि राठ. त्या वेणी घालायला बसल्या की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी इकडची तिकडे करायची. त्यांचा साधा, कप्पा नसलेला ब्लाउज दोरीवर वाळत असलेला दिसला तरी मी तोंड फिरवायची. त्यांना मीच वाचवलं होतं, आणि त्या वाचल्या हेच मला बघवत नव्हतं.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "हल्ली माझ्याशी बोलत नाहीस. माझं काही चुकलं का?"

"चुकलं काही नाही. तुमचा हेवा वाटतो."

त्यांनी कंगवा मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "वाटणारच. तुझ्या जागी मी असते ना, तर मी असल्या जावेला घरात ठेवून घेतलं नसतं."

मला हसू आलं, त्यांनाही. पण हेवा काही गेला नाही.

बेटम्याला परतल्यावर माप द्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या सांगू लागल्या, "अरे कुछ नहीं होता बाई, चल, मैं आती हूँ साथ में." पुढच्या शिबिराला बाकं भरून बायका आल्या. मी बोलायला लागले की त्या माना खाली घालायच्या. जाऊबाई बोलल्या की हसायच्या आणि उठून रांगेत लागायच्या. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं. मीही टाळ्या वाजवल्या. माझं बोलणं कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल, हे मात्र आत टोचत होतं.

त्याच दिवशी एक शेतमजूर बाई तपासणीतून बाहेर आली ती भिंतीला टेकूनच बसली. तिची गाठ माझ्यासारखी होती, मोठी. इंदूरला जायला ती तयार नव्हती. जाऊबाईंनी तिला बरंच समजावलं, मग माझ्याकडे आल्या. "माझं ती ऐकणार नाही. मला कुठे एवढं झालंय? तू बस तिच्यापाशी."

मी तिला पडद्यामागे नेलं. तिने सरळ विचारलं, दाखवाल का? मी ब्लाउजची बटणं काढली. तिने व्रणाकडे नीट पाहिलं, बोट लावलं, हलक्या आवाजात आणखी काहीतरी विचारलं. मी खरं ते उत्तर दिलं. ती इंदूरला आली. तिची केमो अजून चालू आहे, आणि दर खेपेला ती माझ्याकडेच उतरते.

त्या दिवशी शिबिर आवरल्यावर त्यांच्या घरी चालत जाताना जाऊबाईंनी दोनदा विचारलं, "इतका वेळ आत काय चाललं होतं? काय विचारत होती ती?"

मी सांगितलं नाही. तेवढं माझ्याकडेच राहू दे, असं वाटलं.