भाकर न्हाई ती

कमलनगरच्या शोभाबाईंनी जन्मभर भाकरी थापल्या. तव्यावरून नजर हटली की भाकरी करपते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. लेकीनं, पंचशीलानं, पहिल्या पगारात कन्व्हेक्शन ओव्हन आणला, तरी या हट्टी बाई घडीघडी दार उघडून बघायच्या आणि फुगलेला केक मटकन खाली बसायचा.

“आई, सारखं कामून उघडायलीस? भाकर न्हाई ती!” लेक खेकसायची. मग दोघी तोच बसका केक चहात बुडवून खायच्या.

यंदा तापाचं निमित्त झालं अन् पंचशीला गेली. तिच्या वाढदिवसाला शोभाबाईंनी केक ठेवला आणि हात आवरून बसल्या. काचेआड केक सुरेख फुगायला लागला. तेवढ्यात त्यांनी उठून दार सताड उघडलं, आणि लेकीच्या खोलीकडं कान देऊन उभ्या राहिल्या.